मल्लाप्पाला वाचता येत नाही

शिवाजी पेठेत आमच्या घराला लागूनच मल्लाप्पाची पिठाची गिरणी. समोर सलून, आणि सलूनच्या पाटीवर हातभर अक्षरांत 'दाढी-कटिंग' असं लिहिलेलं. मल्लाप्पा दारात उभा राहून ती पाटी रोज खड्या आवाजात वाचायचा, "इथं म्हशी भादरून मिळतील." सलूनवाला वस्तरा घेऊन तसाच बाहेर यायचा. मल्लाप्पा अगदी गरीब चेहऱ्यानं त्याला विचारायचा, मग काय लिवलंय तिथं?

दळणाच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांचंही तेच. चिठ्ठीवर 'माने, गहू, बारीक' असलं की हा ओरडणार, पाटील, हरभरा, भरडा. लगेच मानेकाकू पदर खोचून पुढं. गिरणीच्या घरघरीवर बोलून बोलून त्याचा गळा असा तयार झाला होता, की रविवारी दुपारी मी जरा आडवा झालो की ही वाचनं भिंतीतून थेट माझ्या उशाशी यायची. पेठेचं निदान ठरलेलं होतं. माणूस अडाणी, त्यात बायको गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालेला.

मला हे निदान पटत नव्हतं. मी आणि मल्लाप्पा, माझ्यासाठी मल्लू, मूळचे नेसरीचे, शाळेत एका बाकावरचे. धडा वाचायला गुरुजी नेहमी त्याला उभा करायचे आणि मला खाली बसवायचे. शिवाय एवढा आरडाओरडा होऊनही त्याच्या गिरणीतला एकही डबा कधी चुकीच्या घरी गेला नव्हता.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. घरात तो आणि त्याची मुलगी गिरिजा, दोघंच. गिरिजा दुसरीत होती. वर्गात धडा वाचताना ती अडखळली, पोरं हसली, आणि तेव्हापासून पुस्तक समोर आलं की तिची दातखीळ बसायची. वर्गाच्या देसाईबाईंनी निरोप धाडला, की परीक्षेपर्यंत पोरगी वाचायला लागली नाही तर दुसरीतच बसवावं लागेल. मल्लूनं ते फार मनाला लावून घेतलं. मी त्याला माझा घरगुती उपाय सांगितला, रोज दोन धपाटे आणि पाच पानं. त्या उपायानं माझा मुलगा पुस्तक दिसलं की परसात पळायचा, एवढं मात्र सांगितलं नाही. मल्लूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बघू की." तो कशालाही बघू की म्हणायचा, आणि मग स्वतःला हवं तेच करायचा.

संध्याकाळी गर्दी ओसरली की तो पोत्यावर मांडी घालून गोष्टीचं पुस्तक उघडायचा. भुवया पिठानं पांढऱ्या, मांडीवर पोरगी. पुस्तकात राजाला सात राण्या असल्या तर हा सात म्हशी वाचायचा आणि राजाला धारा काढायला बसवायचा. गिरिजा आधी नुसती हसली. मग चित्रावर बोट ठेवून मान हलवायला लागली. आणि एके दिवशी ते बोट चित्रावरून शब्दावर आलं. म्हशी न्हाईत अप्पा, राण्या. मल्लूनं कपाळावर हात मारून घेतला आणि आपल्याला लहानपणी कुणी शिकवलंच नाही म्हणून हळहळला. भिंतीपलीकडं मी हे ऐकून धन्य झालो.

हळूहळू चिठ्ठ्या, पाट्या, पोत्यांवरची अक्षरं, सगळं ती दुरुस्त करायला लागली. पण फक्त अप्पापुढं. शाळेत तोंड बंद ते बंदच.

परीक्षा जवळ आली, आणि एका संध्याकाळी देसाईबाई स्वतःच गव्हाचा डबा घेऊन गिरणीत आल्या. मीही तिथं दळणासाठी ताटकळत होतो. बाईंना बघताच गिरिजा पोत्यांमागं गेली. मल्लूनं बाईंकडं बघितलं, पोत्यांकडं बघितलं आणि चालू गिरणी बंद केली. मग डब्यावरची चिठ्ठी नाकाजवळ धरून सावकाश वाचलं, "गायकवाड. मका. कोंबड्यांसाठी."

रांगेतली माणसं हसली. बाईंनी विचारलं, "अहो, स्वच्छ अक्षरात लिहिलंय मी. तुम्हाला वाचता येत नाही का?"

"न्हाय बाई," मल्लू मान खाली घालून म्हणाला. "मी शाळंत गेलोच न्हाय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं माझ्या पायावर पाय ठेवला. सगळी गिरणी पुन्हा हसली. आणि पोत्यांमागून गिरिजा बाहेर आली, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. बापाला कुणी हसावं हे तिला सोसलं नाही.

"थांबा अप्पा. मी वाचतो."

तिनं एकेक अक्षर लावत वाचलं. देसाई. गहू. बारीक दळावे. पण चिठ्ठी लांबलचक होती, शेवटी बाईच त्या. 'दुसऱ्याच्या पिठात मिसळू नये' इथं ती अडली. बाई सांगायला पुढं झाल्या, तर मल्लू मध्येच म्हणाला, "निवांत वाच. मला तर पयली ओळबी आली न्हाय." तिनं पुन्हा सुरुवात केली आणि शेवटपर्यंत वाचलं. या वेळी कुणी हसलं नाही.

गिरिजा तिसरीत गेली. बाई पुढं कुठंही भेटल्या की मला सांगायच्या, वडील अक्षरशत्रू, पण पोरगी बघा कशी तयार झाली. मी हो म्हणायचो आणि आतल्या आत चरफडायचो.

मल्लूनं ते सोंग सोडलंच नाही. गिरिजाच्या प्रगतिपुस्तकावर तो अंगठा उठवायचा. ती दहावीला गेली तरी दिवेलागणीला गिरणीच्या पायरीवर बसून त्याला पेपर वाचून दाखवायची, अवघड शब्दांचे अर्थ सांगायची. तोच पेपर यानं सकाळी गिरणीच्या पट्ट्यामागं लपून छोट्या जाहिरातींसकट संपवलेला असायचा. तरी पेठेतला फुटबॉल संघ हरल्याची बातमी संध्याकाळी ऐकून पुन्हा नव्यानं चुकचुकायचा.

एकदा ती चहा ठेवायला आत गेली, तेव्हा मी त्याला चांगलाच झापला. पोरगी आता धडाधड वाचते, मग हे नाटक कशासाठी? सांगून टाक तिला एकदाचं.

मल्लूनं भुवईवरचं पीठ पुसलं.

"सांगाय काय, आत्ताबी सांगतो," तो म्हणाला. "पर मग ती सांजच्याला माझ्याजवळ बसंल व्हय?"

एवढ्यात गिरिजा चहा घेऊन आली, पायरीवर टेकली आणि तिनं पेपर उलगडला. मी मल्लूच्या शेजारी सरकून बसलो आणि तिला म्हटलं, जरा मोठ्यानं वाच गं, आज माझा चष्मा घरी राहिलाय. चष्मा माझ्या खिशातच होता.