पित्ताच्या पिशवीचा फोटो

हरिलालच्या पित्ताच्या पिशवीचा फोटो आला नाही, ही बातमी बेटावरच्या नुव्हेल फ्रांस गावात हरिलालच्या आधी पोहोचली. शेजारच्या चंपाचा जावई लोपितालाच्या, म्हणजे इस्पितळाच्या, फाटकापाशी टॅक्सी लावायचा, त्यामुळे हरिलालची बस गावात येईतो चंपा हरिलालच्या अंगणात बसून त्याच्या आईची समजूत घालत होती.

"नसंल पिशवी, भगवतीबाय. एकेकाला नसती."

"माझ्या पोराला समदं हाय," भगवती म्हणाली. "म्यां जल्म दिलाय, मला ठावं नाय?"

पिशवी होती. डॉक्टरांना ती असल्याची खात्री होती, ती आतून कशी आहे एवढंच त्यांना पाहायचं होतं. चहाच्या कारखान्यात मुकादम असलेला हा चाळिशीचा माणूस जेवणानंतर उजव्या बरगडीखाली हात दाबून ओणवा व्हायचा. मध्यंतरी त्याचे डोळेही पिवळे झाले होते, मग आपोआप निवळले. सर्जनसाहेबांना खड्याचा संशय होता. तो पिशवीत आहे की पिशवीतून आतड्याकडे जाणाऱ्या नळीत उतरलाय, हे फोटोवरून ठरायचं होतं. त्याची रीत सोपी होती. आदल्या संध्याकाळी बिनतेलातुपाचं जेवायचं, वर मूठभर गोळ्या गिळायच्या आणि फोटो निघेपर्यंत तोंडात पाण्याशिवाय काही घालायचं नाही. गोळ्यांचं औषध रातोरात पिशवीत साठतं आणि पिशवी फोटोत पांढरी दिसते. मध्येच तूप पोटात गेलं, तर ती आकसते आणि सगळं औषध सोडून मोकळी होते.

फोटोची खरी गरज मात्र डॉक्टरांपेक्षा भगवतीला होती. तिचा नवरा सत्यनारायण असाच पिवळा पडला होता. तेव्हा डॉक्टरांनी अंदाजानं पोट उघडलं, आत काही सापडलं नाही म्हणून पुन्हा शिवलं, आणि सत्यनारायण घरी आला तो चौघांच्या खांद्यावरून. त्यामुळे तिनं सर्जनसाहेबांना तोंडावर सांगितलं होतं, "आधी मला खडा दावा. मंग कापा. दिसल्याबिगर माझ्या लेकराला सुरी लागायची नाय." आणि शंभर माणसांवर हुकूम चालवणारा हरिलाल म्हणाला होता, "आई व्हय म्हणली तर मी सही करतो."

आता फोटो का आला नाही, ते सांगायला हवं. लेकराच्या पोटाचा फोटो निघायचा म्हणजे देवाचं काही तरी करायला हवं, असं भगवतीच्या मनानं घेतलं. त्यातून आदला दिवस सोमवार. तिनं हरिलालला उपास धरायला लावला. बायको गंगानं पाण्यात शिजवलेली भाजी आणि कोरडा पाव पुढं ठेवला, तर सासूबाईंनी ताट मागं सारलं.

"उपासाला पाव? आयो, गंगे, धरम बुडवतीस का?"

मग उपासाचं जे असतं ते झालं. तुपात परतलेले बटाटे, शेंगदाण्याचं कूट, सायीच्या दुधातली सागूची खीर. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे काय आपल्याला नवीन आहे? वर गोळ्या. सकाळी एक्स-रेच्या टेबलावर हरिलालला विचारलं, "काल संध्याकाळी जेवलात?" तो छाती पुढं काढून म्हणाला, "नाय. उपास हुता." फोटो काढणाऱ्यानं खूश होऊन मान हलवली.

दुसऱ्या वेळी गोळ्या दुप्पट मिळाल्या आणि गंगानं कंबर कसली. उपास बंद. संध्याकाळी तिनं स्वतः समोर बसून नवऱ्याला उकडलेला दुधी खायला घातला. तुपाची बरणी कपाटात ठेवून किल्ली मंगळसूत्राला बांधली. पण सकाळी गंगा बस थांबवायला रस्त्यावर धावली, तेवढ्यात भगवतीनं उंबऱ्यात हरिलालला अडवलं. मोठ्या कामाला निघालेला माणूस हातावर दही-साखर घेतल्याशिवाय घराबाहेर कसा पडेल? आणि एवढ्या मोठ्या कामाला चमचाभर दही पुरतं थोडंच! तिनं वाडगाभर आणलं होतं, साय धरलेलं, म्हशीच्या दुधाचं.

"आई, दोक्तेर म्हणला काय खायाचं नाय."

"हे खाणं नव्हं, शकुन हाय. टाकू नगं, संपव."

त्यानं संपवलं. टेबलावर पुन्हा विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं?" हरिलालनं प्रामाणिकपणे सांगितलं, "काय बी नाय." आईनं हातावर ठेवलेलं खाण्यात धरायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

फोटो पुन्हा कोरा. सर्जनसाहेबांनी फिल्म उजेडापुढं धरली आणि मान हलवली. दोनदा औषध देऊनही पिशवी दिसत नाही, म्हणजे ती कामातून गेली, काढून टाकू. पुढच्या आठवड्यात भरती व्हा.

"खडा दिसला?" भगवतीनं विचारलं.

नाही दिसला, पण असणारच, असं ते क्रेओल बोलीत म्हणाले. हे वाक्य तिनं पूर्वी एकदा ऐकलं होतं. ती बाकावर बसली आणि पदर तोंडात धरून हुंदके द्यायला लागली. हरिलाल तिच्याशेजारी बसला, सही न करता. त्याच्या बरगडीखाली पुन्हा कळ आली होती आणि ती आईला दिसू नये म्हणून तो खिडकीबाहेर बघत होता.

एक्स-रे काढणारा इंद्रदेव पितों गावचा, मराठी घरातलाच. तो दार लावायला आला होता, तो थांबला. बाईंकडं बघितलं, हरिलालकडं बघितलं आणि त्याला आपली आजी आठवली असावी.

"हरिलालभाऊ, खाल्लं का ते नाय इचारत. घरातनं निघताना आईनं हातावर काय ठेवलं?"

हरिलाल म्हणाला, "दही."

"किती?"

"वाडगाभर."

"आणि पयल्या येळेला?"

"पयल्या येळेला उपास हुता," भगवतीच डोळे पुसत म्हणाली. "सागू, बटाटं, तूप. सवताच्या हातानं केलं म्यां."

इंद्रदेव भिंतीला टेकला. मग त्यानं मायलेकांना आणि गंगाला पिशवी, औषध आणि तूप यांचं नातं पहिल्यापासून समजावून सांगितलं. भगवती ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. खडा बघायचा हट्ट तिचा, आणि तो दोनदा झाकला तोही तिनंच.

"म्हंजे म्यांच?" ती एवढंच म्हणाली. तिच्याकडं बघवत नव्हतं.

इंद्रदेवनं सर्जनसाहेबांची गाठ घेतली आणि आणखी एक मंगळवार मागून आणला. शेवटचा, असं साहेबांनी बजावलं.

त्या आठवड्यात गंगा घरात पोलीस झाली. भगवती आपणहून चुलीपासून लांब बसायची. चंपा करंज्या घेऊन आली, तर भगवतीनंच तिला अंगणातून परत पाठवलं. "ग्रेस पा बों, चंपे! तूप वाईट, तुपानं फोटो मरतो." पण गंगाचा विश्वास बसत नव्हता. मंगळवारी निघायच्या आधी तिनं सासूला हरिलालपुढं उभं केलं.

"आई, ह्यांच्या डोक्यावर हात ठेवा. म्हणा, घरातनं खायाचं काय बी बरोबर घेतलं नाय."

भगवतीनं सुनेकडं बघितलं. मग लेकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "नाय घेतलं." तिचा आवाज जरा बारीक होता, पण गंगाला वाटलं, अपमानानं असेल.

फोटो आला. इंद्रदेव ओली फिल्म हातात घेऊन धावतच बाहेर आला. काळ्या फिल्मवर एका लहानशा पपईसारखी पांढरी पिशवी स्वच्छ दिसत होती. पिशवीत खडा नव्हता.

"मंग खडा नायच?" गंगाचा चेहरा उजळला.

"पिशवीत नाय. नळीत बघाया पायजे," इंद्रदेव म्हणाला. "त्याला आता ह्यांना तूपलोणी खायला घालायचं. पिशवी आवळंल, औषध नळीत उतरंल, लगीच दुसरा फोटो."

भगवती बाकावरून उठली. "काय घालायचं?"

"तूप, काकी. चांगलं भरपूर."

"आठवडाभर जहर म्हणलास! आता मी गिळू देयाची नाय. पा बों म्हणजे पा बों!"

तिला समजावण्यात बराच वेळ गेला. ती एकदाची गप्प बसली, तोवर लोपितालाच्या स्वयंपाकघरातून ताटली आली. त्यात लोण्यात तळलेली अंडी होती. हरिलालनं ताटलीकडं बघितलं आणि हात मागं घेतला.

"मंगळवार हाय आज."

"भाऊ, हे औषध समजा."

"मंगळवारी अंडं कदी शिवलं नाय. पोटात ठरायचं नाय." आणि खरोखरच वासानंच त्याला उमासे यायला लागले. इंद्रदेव घाबरला. ओकारी झाली, तर सगळंच गेलं. त्यानं स्वयंपाकघरात निरोप धाडला. उत्तर आलं, लोणी संपलं, दूध सकाळीच वाटलं, दुपारपर्यंत थांबा. दुपारपर्यंत पिशवी थांबणार नव्हती. बाहेर दुकान होतं, तिथं बिस्किटं आणि सार्डिन मासळीचे डबे.

"कुणाजवळ कायतरी असंल," इंद्रदेव व्हरांड्यातल्या माणसांकडं बघत म्हणाला. "तुपाचं, लोण्याचं, कायबी."

माणसं आपापल्या पिशव्या चाचपून माना हलवायला लागली. गंगानं मान खाली घातली होती. भगवती एकदा उठली, पुन्हा बसली. मग ती एकदम रडायला लागली.

"आई, काय झालं?" हरिलालनं विचारलं.

तिनं कमरेला खोचलेला ओचा सोडला. आत केळीच्या पानात बेसनाचे लाडू होते, तुपानं पान पारदर्शक झालं होतं.

"फोटो झाल्यावर देणार हुते," ती म्हणाली. "रातभर उपाशी पोर. पर तुझ्या डोक्यावर हात ठिवून खोटं बोलले रे मी. ह्यातला घास तुझ्या पोटात गेला आन् तुला कायबी झालं, तर म्यां काय करू? तुझा बाप असाच गेला."

लाडू समोर होते, वेळ जात होती आणि ती ते पुढं करत नव्हती. पानावर दोन्ही हात झाकून बसली होती. इंद्रदेवनं बरंच शास्त्र सांगितलं, ते तिच्या कानावरूनही गेलं नाही. शपथेपुढं शास्त्राचं काय चालतं?

तेव्हा गंगा उठली. सासूच्या समोर जमिनीवर बसली आणि तिचे हात हातात घेतले.

"आई, शपथ मी घातली हुती ना? मंग सोडवायची बी मीच. सुटली. सुटली म्हणा."

"अशानं सुटती?"

"घालणाऱ्यानं सोडली की सुटती. लहानपणी तुमी नाय सोडवली कदी?"

"सुटली," भगवती हळूच म्हणाली, आणि पहिला लाडू तिनं आपल्या हातानं हरिलालला भरवला. दुसराही. तिसऱ्याला इंद्रदेव म्हणाला, "पुरे, काकी," तरी अर्धा गेलाच.

दुसऱ्या फोटोत पिशवी आवळलेली होती आणि तिच्याखाली बारीक पांढरी नळी उतरली होती. नळीच्या टोकाशी पांढऱ्यात एक काळा ठिपका अडकला होता. सर्जनसाहेब स्वतः आले. त्यांनी फिल्म उजेडापुढं धरली आणि भगवतीला जवळ बोलावलं. बोट ठेवून दाखवलं. पिशवी साफ दिसली तरी खडे बनतात तिथंच, त्यामुळे तीही काढायची; पण आधी नळी उघडायची, कुठं उघडायची ते आता नक्की कळलं, असं ते म्हणाले.

ती बराच वेळ बघत होती. तो ठिपका मसुरीच्या डाळीएवढा होता.

"ह्यो?" तिनं विचारलं.

"व्हय, काकी," इंद्रदेव म्हणाला.

"ह्याच्या बापाच्या पोटात बी असाच आसंल. कुणाला दिसला नाय." तिनं डोळे पुसले आणि सर्जनसाहेबांकडं वळली. "कापा. पर इथंच कापा, जिथं बोट ठिवलंत. दुसरीकडं शोधू नगा."

हरिलालनं सही केली. त्याला भरतीसाठी आत नेलं आणि सासूसुना बाकावर उरल्या. भगवतीनं रात्रीपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आता सगळं उरकल्यावर तिनं पाठ भिंतीला टेकली. गंगानं इकडंतिकडं बघितलं, मग आपल्या पिशवीतल्या टॉवेलची घडी उलगडली. आतून लोणी थापलेल्या चार पोळ्या निघाल्या.

"खा, आई."

भगवतीनं पोळ्यांकडं बघितलं, मग सुनेकडं. "हे सकाळपासून हुतं तुझ्याजवळ?"

"व्हय."

"त्यो पोरगा लोणी मागत हुता तवा बी?"

गंगाचे कान लाल झाले होते. "तुमाला शपथ घातली आन् मीच आणलं," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या देखत कशी काढू? लाज वाटली, आई. तुमी काढलंत, माझी हिंमत झाली नाय."

भगवतीनं एकदा डोळे वटारले. मग एका पोळीचे दोन तुकडे केले, एक सुनेच्या हातात दिला आणि खाता खाता इंद्रदेवच्या बंद दाराकडं मान केली.

"त्या पोराला इचारून ये, गंगे. ऑपरेशन झाल्यावर हरिलालला काय द्यायचं आन् काय नाय, समदं नीट इचार. आपल्या दोघींच्या मनानं नगं."