यादीतलं गवत

आमच्या शेजारच्या तात्यांना ‘बरं हाय का?’ म्हणून इचारलं, की तेच उलटं इचारत्यात, ‘तू यादीत हाईस का?’ न्हाय म्हणलं की म्हणणार, ‘मग तुला काय धाड भरल्या? सरक, यादीतल्याला ऊन येऊ दे.’

यादीतलं म्हंजे तात्यांच्या अंगणातलं गवत. तात्या चिंचोळी एमआयडीसीतनं रिटायर झालेले, घरात एकटेच. एकदा कॉलेजातल्या एक बाई आल्या, भिंगातनं बघून म्हणाल्या, ‘हे ओट्स धान्याच्या भावकीतलं. माळ नांगरले, प्लॉट पडले, तसं हेबी संपत आलंय. धोक्यातल्यांच्या यादीत आहे.’ तवापासनं तात्यांनी त्याला काटेरी कुंपण घातलं. आमची शेळी दिसली की दगड उचलत्यात. मी दिसलो तरी उचलत्यात.

दिवाळीला तात्या वैरागला लेकीकडं निघाले. मला म्हणाले, ‘आठ दिवस यादीतल्याला बघ. पाणी घाल, तण काढ. जमंल का?’

‘न जमायला काय झालं, तात्या?’ मी चौथी नापास, पण तण काढायला कुटं शाळा लागती?

कुंपणात पयल्यांदाच पाय ठेवला. बघतो तर दोन जाती. एक वाळकी, पिवळी, कुसळंवाली. दुसरी हिरवीगार, जांभळ्या फुलांची. आता यादीत घालायचं म्हणल्यावर कुणीबी देखणंच घालणार की! मी पिवळं मुळासकट उपटून शेळीला टाकलं, आन् फुलावालीला आठ दिवस बादलीनं पाणी घातलं.

तात्या आले. कुंपणापाशी थांबले.

‘हे तर उकिरड्यावर उगवतंय रं,’ एवढंच म्हणाले. ‘बी काडून ठेवायचं व्हतं अजून.’

मी शेळीकडं बघितलं. शेळीनं माझ्याकडं.

मला वाटलं, आता दगड. पण तात्या पायरीवर बसले. ‘तुजी काकू व्हती तवा मी सुट्टीला मंद्रूपकडच्या माळावर हिंडायचो. पँटीत कुसळं भरायची. ती हितंच बसून एकेक काडायची. तिनं टाकलेल्यातनं उगवलं हे.’

मी मग म्हणलं, ‘तात्या, उपटताना घातलेली माजी पँट अजून तशीच हाय. बायको धुवंना. म्हणली, आदी कुसळं काड.’

‘आण!’

तात्यांनी चष्मा लावला, पँट मांडीवर घेतली आन् एकेक कुसळ बियासकट वाटीत टाकाय लागले. जरा वेळानं पुटपुटले, ‘किती येळा सांगायचं, बघून चालावं म्हणून. डोळं काय माळावर ठेवून येता?’

हे बोलणं तात्यांचं न्हवतं. काकूचं व्हतं. भिंतीपलीकडनं मी कितीदा ऐकलंय.

मी पँटीचा दुसरा पाय तेवढा त्यांच्याकडं सरकवला.