बारा महिन्यांचा एक रविवार

चौथी पास बाईनं कागद वाचायला घेतला की शिकलेल्या माणसाला घाम फुटतो, हे मला गेल्या डिसेंबरात कळलं. त्याआधी दीड वर्षं मी गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होतेच, पण वाचत नव्हते. सर कागद आणायचे, बोट ठेवायचे, आणि मी त्या बोटाखाली ‘जयवंता रूपराव’ असं लिहायची. (एकदा बोट उचलायला उशीर झाला तर अर्धी सही सरांच्या नखावर गेली.) शाळा मजेत चालली होती. मग मला अक्कल सुचली.

झालं असं, की मी दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते आणि रजत सर आले. हे आमच्या शाळेतले स्काऊट-गाईडचे मास्तर. गाडीवरून उतरलेसुद्धा नाहीत. बसल्या जागेवरून कागद पुढे केला आणि म्हणाले, “काकू, फक्त इथं सही.”

ते ‘फक्त’ मला टोचलं. आमच्या घरात रूपराव, म्हणजे माझे मालक, जेव्हा जेव्हा ‘फक्त’ म्हणाले तेव्हा तेव्हा काहीतरी होऊन बसलं. ‘फक्त पाहून येतो’ म्हणून देवळीच्या बाजारात गेले आणि शेळी घेऊन आले. ती शेळी माझं लग्नातलं लुगडं खाऊन गेली. म्हणून मी शेंगा बाजूला सारल्या आणि म्हटलं, “वाचून पाहू द्या.”

कागदावर लिहिलं होतं, वार्षिक उपक्रम आराखडा, जून ते मे. पहिलाच उपक्रम, जून महिना: समुद्रकिनारा स्वच्छता. मी दोनदा वाचलं. पुढं ‘पूर्ण’ असा शिक्काही होता.

“सर, हा समुद्र कोठी हाय?”

सरांनी आधी मोबाइलकडे पाहिलं, मग आभाळाकडे. “ते... आपलं समुद्रपूर, काकू.”

“समुद्रपुरात माही नणंद देल्ली हाय. तिथं समुद्र असता तं ती दोन गल्ल्या पाणी वाहून राह्यली नसती.”

पुढचं वाचलं. ऑगस्ट: गिर्यारोहण, पूर्ण. ऑगस्टात ही पोट्टी माझ्या डोळ्यांदेखत तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल ओढत होती. आमच्या गावात चढण्यासारखी उंच वस्तू एकच, पाण्याची टाकी, आणि तिच्यावर चढणाऱ्याला सरपंच काठी घेऊन उतरवतात. सरांनी कुठल्या तरी कोकणातल्या शाळेचा कागद मोबाइलवरून जसाच्या तसा उचलला होता.

तेव्हा कुठे सर गाडीवरून उतरले, ओट्यावर बसले आणि खरं सांगितलं. वर्ध्याच्या स्काऊट-गाईड कार्यालयातून पत्र आलं होतं. तुमचं पथक कागदावरच आहे, बारा उपक्रमांचं वर्षाचं नियोजन तारखांसकट पाठवा, आम्ही डोळ्यांनी पाहायला येऊ, काही दिसलं नाही तर पथक बंद. सर म्हणाले, तुम्ही सही केली असती तर मी काहीतरी जमवलं असतं, आता कठीण आहे.

दारात आमची भावना उभी होती, सातवीतली. गळ्यात गाईडचा रुमाल. दोन वर्षांपासून ही पोरगी त्या रुमालाला गरम तांब्यानं इस्त्री करते, आणि दोन वर्षांत त्या रुमालाचा उपयोग एकच झाला, तो म्हणजे तिचा बाप उन्हात डोक्याला बांधतो. यंदा तिची तिसऱ्या बिल्ल्याची परीक्षा होती, आणि पथकच बंद झालं तर कसला बिल्ला.

“आई, करून टाक नं सही,” ती हळूच म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. खोट्यावर सही केली की पोरीला बिल्ला. नाही केली तर सगळ्या गावाच्या पोरांचं नुकसान माझ्या डोक्यावर. पण एकदा वाचल्यावर न वाचल्यासारखं करता येत नाही, हा शिक्षणाचा मोठा तोटा आहे.

“नाई,” मी म्हटलं. “बाराच्या बारा खरे करून दाखवू. अन् माह्या घरातलं कॅलेंडर जानेवारीत सुरू होते, तं आपलं वर्ष बी तवाच सुरू होईन.”

दुसऱ्या दिवशी नवं कॅलेंडर भिंतीवरून काढलं आणि शाळेच्या ओसरीवर बत्तीस पोरांच्या आयांना गोळा केलं. दर महिन्याला एक दिवस लेकरं द्या, एवढंच मागितलं. मला वाटलं, पंधरा मिनिटांचं काम.

जानेवारी म्हटलं तर कापूस वेचायचा आहे. फेब्रुवारीत तूर आणि हरभरा. मार्चात परीक्षा. एप्रिलात अर्धा महिना जयंतीचा आणि अर्धा महिना उन्हाचा, लेकरू घराबाहेर काढायचं नाही. मे महिन्यात लग्नं. (आमच्या गावात मे महिन्यात जो रिकामा दिसतो, त्याचंच लग्न लावून टाकतात.) जूनमध्ये पेरणी, जुलैत निंदण, ऑगस्टात पोळा, सप्टेंबरात गणपती. ऑक्टोबरात सोयाबीन, आणि उरलेलं गाव नागपूरला दीक्षाभूमीवर. नोव्हेंबरात सगळ्या बाया दिवाळीच्या माहेराला. डिसेंबरात पुन्हा कापूस. रविवार म्हणावं तर त्या दिवशी देवळीचा दवाखाना, नाहीतर पाहुणे, नाहीतर पाहुण्यांचा दवाखाना. मी एकेका तारखेवर काट मारत गेले आणि कॅलेंडर पार काळं झालं.

मी संतापले. म्हटलं, सरकारला वर्षाला तेरावा महिना मागू का तुमच्यासाठी.

तेव्हा आमच्या शेजारची शकुबाई म्हणाली, “अवो, जानेवारीचा तिसरा रविवार हाय नं. त्या दिवशी कोणाच्याच घरी काही काम नाई.”

आणि काय आश्चर्य. बत्तीसच्या बत्तीस माना हलल्या. नको नको म्हणणाऱ्या बाया एका सुरात म्हणाल्या, तो दिवस मोकळा, लेकरंच काय, आम्हीही मोकळ्या. वर माझ्याकडे पाहून अशा गोड हसल्या की मला भरून आलं. मला वाटलं, अध्यक्षाचा मान ठेवतात बिचाऱ्या.

मग मी काय केलं, बाराही उपक्रम त्याच रविवारी टाकले. पायी सहल, नकाशा वाचन, दोरीच्या गाठी, प्रथमोपचार, झाडं लावणं, बिनभांड्याचा स्वयंपाक, आग विझवणं, गर्दी सांभाळणं, साफसफाई, सेवा, शेकोटीचं गाणं आणि आपत्ती व्यवस्थापन. उरलेल्या अकरा महिन्यांपुढे लिहिलं: आराम. खाली वाचून सही केली आणि वर्ध्याला पाठवून दिलं.

चौथ्या दिवशी तपासणीच्या मोहिनी मॅडमचा फोन आला. त्यांनी विचारलं, वर्षाचे उपक्रम तुम्ही एका दिवसात संपवणार? मी म्हटलं, घरी पाहुणे येणार असले की आम्ही वर्षाची साफसफाई एका दिवसात करतो, यात काय विशेष. पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, “मी स्वतः येते. मला हे पाहायचंच आहे.”

जागा आमचंच शेत ठरवलं. दुसऱ्याच्या शेतात पोट्टे नेले तर हरभरा जमिनीसकट खातील. रात्री जेवताना मालकांना बजावलं, तिसऱ्या रविवारी बत्तीस लेकरं, एक सर आणि एक मॅडम आपल्या शेतावर येणार, विहिरीजवळची जागा साफ ठेवा.

त्यांचा घास हातातच राहिला. “त्याच रविवारी?”

“काऊन? काही हाय का त्या दिवशी?”

“नाई. काहीच नाई.” पाणी प्यायले, बोटांवर काहीतरी मोजलं, मग म्हणाले, “मंग वांगे जास्त लागतीन.”

“कशाले?”

“मनलं, असू द्यावं घरात,” म्हणाले आणि बाहेर निघून गेले. पुढचे तीन आठवडे ते रोज सकाळी माझ्यापुढे येऊन उभे राहायचे, तोंड उघडायचे, मी “काय?” म्हटलं की “फक्त चहा” म्हणून परत जायचे. एवढ्या फक्तनंतर तरी मला कळायला हवं होतं. पण मी गडबडीत होते, मला वर्ष आटपायचं होतं.

रविवार उजाडला. पोरं रांगेत, भावना सगळ्यात पुढे, शिटी तिच्या गळ्यात, रुमाल पापडासारखा कडक. मोहिनी मॅडम एक लांब नोंदवही घेऊन आल्या होत्या. पायी सहल सुरू झाली. नकाशा वाचन रजत सरांकडे होतं. सरांचा नकाशा मोबाइलमध्ये होता आणि मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे जे शेत मी डोळे मिटून गाठते तिथं जायला आम्ही नाल्यातून, कपाशीच्या पऱ्हाट्यांतून आणि कोणाच्या तरी गोठ्यातून गेलो. मॅडमच्या चपलेला शेण लागलं. त्यांनी ते वहीत लिहिलं.

मग लांबून मला धूर दिसला. आमच्याच शेतातून, चांगला विहिरीएवढा रुंद. माझा कापूस घरी यायचा होता अजून.

“आग,” मी म्हटलं. “सातवा नंबर आधी घ्या.”

भावनानं शिटी वाजवली. खरं सांगते, त्या पोरांनी जे केलं ते पाहून मला धन्य वाटलं. धावत गेली, विहिरीपासून रांग लावली, हातोहात बादल्या सरकवल्या, आणि धुराच्या पोटात बदाबद पाणी ओतलं. आतून माणसं ओरडली. धूर बाजूला झाला तेव्हा निखाऱ्याच्या ढिगाभोवती चौघे जण ओलेचिंब उभे होते, आणि त्यातले एक माझे मालक.

“अवो, हे काय करून राह्यले,” ते म्हणाले. “नवसाचे रोडगे हाय ते.”

रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, तुपात बुडवायचे, संगं वांग्याची भाजी. आमच्याकडे हे काम पुरुषच करतात, तेही शेतात, म्हणून बायकोला पत्ता लागत नाही. मी विचारणार होते की कसला नवस आणि कोणाला विचारून, तेवढ्यात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, माणसं येताना दिसली. सगळ्यांच्या हातात ताट-गिलास. पुढं शकुबाई, नव्या लुगड्यात. मागं तिच्या सुना, मागं म्हातारे, मागं कडेवरची लेकरं, मागं अख्खं गाव.

“अध्यक्षबाई,” शकुबाई म्हणाली, “चूलबंद आवतन देल्लं तुमच्या मालकानं, म्हणून सकाळचा चहा बी नाई मांडला बाप्पा आमी.”

चूलबंद आवतन म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, तान्ह्या लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं. आमचं गाव तीनशे माणसांचं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अख्ख्या वर्षात सगळ्या गावाला मोकळा असलेला एकच दिवस मी कॅलेंडरातून शोधून काढला होता, आणि तो मोकळा याच्यासाठी होता की सगळं गाव माझ्याच घरी जेवणार होतं. आणि यजमानीण म्हणून मला विचारायची कोणाला गरज वाटली नव्हती.

पुढचं मला नीट आठवत नाही. लोक सांगतात, मी वांग्याच्या भाजीतला पळा उचलला आणि मालक विहिरीला तीन फेरे घालून आले. मला आठवते ती भावनाची शिटी. तिनं पोरांना दोरी धरायला लावली, विहिरीच्या खांबाला गाठी मारल्या, बापाला मधे उभं केलं आणि मला बाहेर.

“आई,” ती म्हणाली, “तीनशे लोक उपाशी हाय. अन् मॅडम पाहून राह्यल्या.”

मी पळा खाली ठेवला आणि पदर खोचला.

भिजलेल्या निखाऱ्यांशेजारी दुसरा जाळ लागला. पोरांनी कणीक मळली, विहिरीच्या दगडी ओट्यावर गोळे वळले, एकही भांडं न वापरता. दोरीच्या गाठी मारून पंगतीला वाट केली, म्हाताऱ्यांना हाताला धरून बसवलं, वाढलं. रोडगे भाजणाऱ्या रामाजीचं बोट भाजलं तर चार पोरींनी मिळून त्याचा अख्खा हात बांधला, मग त्याला भरवायलाही दोघी लागल्या. जेवणं झाल्यावर उष्टं-खरकटं उचललं, गोवऱ्यांसाठी खणलेल्या पण रिकाम्या राहिलेल्या खड्ड्यांत लिंबाची रोपं लावली आणि निखाऱ्यांभोवती गाणं म्हटलं. मोहिनी मॅडम सहावा रोडगा खात खात वहीत खुणा करत होत्या.

त्यांनीच मालकांना विचारलं, “नवस कशाचा होता हो, रूपरावजी?”

मालकांनी आधी माझे हात पाहिले. दोन्ही कणकेत होते. मग ते दोरीच्या आतूनच बोलले, “आता मॅडम, दुपारी माणूस जरासा आडवा झाला तं ही उठवून विचारते, काऊन झोपला. म्या मारुतीले मनलं, देवा, हिले कोठीतरी अध्यक्ष कर. मले दुपारची झोप भेटली तं गावाले रोडगे घालीन.” जरा थांबून म्हणाले, “दीड वर्ष झालं, दुपारी ही शाळेत अन् म्या रोज दोन तास झोपतो.”

गाव हसलं. रजत सर हसले. भावनासुद्धा हसली, तिनं तोंडावर तो इस्त्रीचा रुमाल धरला होता.

मी काही बोलणार, तेवढ्यात मॅडमनी वही माझ्यापुढे धरली. म्हणाल्या, बाराच्या बारा उपक्रम डोळ्यांनी पाहिले, असं पथक जिल्ह्यात दुसरं नाही, हे बंद होणार नाही. फक्त इथं सही करा. वाचायचं का आधी?

“वाचाले टाइम कोणाले हाय,” मी म्हटलं, आणि कणकेच्या बोटांनी केली सही.

भावनाचा बिल्ला मार्चात आला. तिनं तो रुमालावर लावला, आणि आता बापाला रुमाल देत नाही. मॅडमच्या वहीतल्या पानाची प्रत काचेत बसवून शाळेच्या भिंतीवर लावली आहे. त्या काचेच्या उद्घाटनाच्या दिवशी सगळ्या गावासमोर मी ती पहिल्यांदा वाचली, मोठ्यानं, कारण मी आता कागद वाचते हे गावाला दाखवायचं होतं. अकरा उपक्रम झोकात वाचले. बारावा आला.

आपत्ती व्यवस्थापन. आपत्तीचा प्रकार: पूर, आग, भूकंप, इतर. ‘इतर’पुढे खूण, आणि मॅडमच्या सुबक अक्षरात: समिती अध्यक्ष. धोक्यात सापडलेले: एक पुरुष. दोरीच्या साहाय्यानं सुखरूप वाचवला.

त्याखाली छापलेलं, ‘वरील मजकूर वाचला, बरोबर आहे’, आणि त्याखाली कणकेच्या ठशासकट माझी सही.