आठ वेळचा चारा

जनावर कसं पोसावं हे या घरात फक्त मला कळतं, असं मी आबांच्या तोंडावर सांगितलं, तेव्हा त्यांनी नुसता मिशीवरून हात फिरवला. मी सातवी पास आणि आबा निशाणी अंगठा. वाद तिथंच संपला, असं मी धरून चाललो.

घाई होती, कारण पाहुणे यायचे होते. कोल्हारला एका लग्नात मी कोपरगावकडच्या कानिफनाथ पाटलांची मुक्ता पाहिली होती. ती मला इतकी आवडली, की पंगतीत मी भात कोरडाच खाल्ला आणि वरण वाढून घ्यायचं राहिलं हे घरी आल्यावर लक्षात आलं. मामांनी बोलणी लावली आणि निरोप आला, 'पाडवा झाला की घर बघायला येतो.'

आमच्या भागात घर बघायला येणारा सोयरा घर बघत नसतो. तो आधी गोठ्यात शिरतो आणि बैलाच्या पाठीवर हात फिरवतो. हाताला बरगड्या लागल्या, की त्यानं ओळखायचं, आपली पोर इथं उपाशी राहणार. माझी आधीची एक सोयरीक अशीच गोठ्यातून परत गेली होती. त्यात दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरचं ते टंचाईचं साल. आमचे खंड्या आणि गुलब्या हंगामभर साखर कारखान्यावर ऊस ओढत होते आणि अंगावरचं मांस तिथंच ठेवून आले होते. मला झोप येईना. जास्तीची पेंड आणावी म्हटलं तर मिळत नव्हती. जी होती त्यातच बैल भरायचे होते.

मग माझी नजर मालनआत्यावर गेली. आत्या आमच्याकडेच राहायची. ती जेवायला म्हणून कधी बसत नसे. 'मला भूकच न्हाई गं केशर,' असं माझ्या आईला सांगायची आणि दिवसभर जाता-येता मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, भाकरीचा तुकडा तोंडात टाकायची. आत्या दारातून आत आली की घरात अंधार व्हायचा. थोडं थोडं आणि सारखं! गुपित आमच्याच घरात फिरत होतं.

"तीच पेंड, आबा," मी म्हणालो. "फकस्त दोन येळंऐवजी आठ येळा द्यायची."

"मग त्यांनी बसायचं कवा?"

"बसून कुनाला मांस चढतंय?"

आबांनी एकदा आत्याकडं पाहिलं आणि ते तंबाखू मळायला लागले.

पहिले काही दिवस बैल खूश दिसले. मग ते शहाणे झाले. माझी चाहूल लागली की उठून उभे राहायचे. मी आणलेला चारा चार घासांत संपवून माझ्याकडं बघत राहायचे. रवंथ करायला टेकावं तोवर मी पुन्हा पाटी घेऊन हजर. मी नजरेआड झालो की खंड्या असा हंबरायचा, की शेजारीपाजारी विचारायचे, बैलाला झालंय तरी काय.

माझंही जेवण गेलं. भाकरीचा पहिला घास मोडला की गोठ्यातून हाक यायची.

"आरं, दोन घास तरी खा," आई म्हणायची.

"पाहुनं गेल्यावर खाईन."

ताट तसंच राहायचं. अन्न वाया जाऊ नये म्हणून आत्या ते संपवायची.

आणि इतकं करून बैल आणखीच वाळले! खंड्या उभ्या उभ्या डुलक्या घेऊ लागला. मला वाटलं, आठ वेळा कमी पडतात. म्हणून मी बारा केल्या. शिमग्याच्या सुमारास आबांनी माझ्या हातातली पाटी काढून घेतली.

"खाल्ल्यालं अंगी लागू दे त्यांच्या. आता गोठ्यात पाय ठिवू नगंस."

पुन्हा सकाळ-संध्याकाळचा चारा सुरू झाला. बैल पोटभर खायचे आणि डोळे मिटून तासन् तास रवंथ करत बसायचे. मी मात्र समोरच्या ओट्यावर बसून त्यांच्या बरगड्यांकडं बघायचो. आज कालच्यापेक्षा बुजल्या का? की मलाच तसं वाटतंय? मुक्ता हातची गेली तर? घास घशाखाली उतरत नव्हता. माझं ताट आत्याकडं जातच राहिलं.

पाडवा झाला आणि कानिफनाथ पाटील आले. आले ते थेट गोठ्यात. खंड्या आरामात बसला होता, तो उठलासुद्धा नाही. पाटलांनी त्याच्या पाठीवर सावकाश हात फिरवला.

"झकास," ते म्हणाले. "ऊस ओढल्यालं बैल वाटत न्हाईत."

मला नाचावंसं वाटलं. तेवढ्यात ते माझ्याकडं वळले.

"ए गड्या, पाय धुवाया पानी आन. आन नवरदेवाला बोलीव."

मी पाणी आणलं. आई दाराआडून हळूच म्हणाली, "त्योच की नवरदेव."

पाटलांनी मला खालून वर पाहिलं. दिवाळीला शिवलेला सदरा माझ्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. त्यांनी सवयीनं माझ्या पाठीवर हात फिरवला आणि तो मध्येच थांबला. मला कळलं, बरगड्या लागल्या.

तोच अंधार झाला. आत्या चहा घेऊन आली होती. पाटलांनी आत्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा आत्याकडं पाहिलं.

"पोराला जेवायला घालता का न्हाई?" त्यांनी विचारलं.

"घालतो की," आत्या कौतुकानं म्हणाली. "पन त्यो कुटं खातोय? सगळं मलाच संपवावं लागतं."

पाटलांनी चहा एका घोटात संपवला आणि ते उठले. वेशीपर्यंत आबा त्यांच्या मागोमाग गेले, आबांच्या मागं मी.

"मग काय इचार, पाटील?"

"बैल पसंत हायेत," पाटील म्हणाले. "नवरदेवाचं मागनं कळवतो. माझी पोर आधीच किरकोळ हाय."

त्या संध्याकाळी मी जेवायला बसलो. आई वाढत गेली, मी गिळत गेलो. भूक नव्हती, रडूच येत होतं. पण आत्या समोर बसली होती, आणि ताटात घासभरही काही उरू द्यायची माझी हिंमत नव्हती.