शून्य गर्दीचा वार

ही ट्रीप फसणं विज्ञानाच्या कुठल्याच नियमात बसत नाही, असं दिशाने भरल्या ताटावर जाहीर केलं होतं! एमएस्सी झालेली मुलगी बोलतेय म्हटल्यावर घरात कुणी विरोध केला नाही. आजीने तेवढं विचारलं, "तिथं लुगडं चालतं का?"

राहुरीजवळच्या त्या वस्तीवरून सगळ्यांनी मिळून कुठे जायचं म्हणजे आकाशातले ग्रह एका ओळीत यावे लागत. ऊसतोड चालू असली की दिशाचे वडील, ज्ञानेश्वर नाना, बांध सोडायचे नाहीत. कालव्याला पाणी सुटलं की अजिनाथकाका गायब. आणि गाय व्यायला झाली की बनुआजी गोठ्यातून हलायची नाही. हे तिन्ही आलटूनपालटून वर्षभर चालूच!

शेवटी नानांनी मान तुकवली, पण अट घालून. "येकदाच येईन. काय दावायचं ते त्याच येकदात दाव. परत ट्रीपचं नाव काढायचं न्हाई."

म्हणून दिशाने सगळी अक्कल पणाला लावली. ‘धमालनगरी’ नावाचं ते पार्क म्हणजे लाटांचा तलाव, घसरगुंड्या, आकाशपाळणे. पावसाळ्यात तेही दुरुस्तीला बंद. घरची ऊसतोड संपलेली, कालव्याचं पाणी थांबलेलं, गाय व्यालेली हवी आणि पार्क उघडं हवं, अशी जूनमधली एक चिंचोळी फट तिने शोधली. वार तिने स्वतः निवडला. पार्कचा सीझन कधी संपतो हे विचारायचं काम मात्र काकांवर सोपवलं, कारण फोनवर मोठ्याने बोलायची त्यांना भारी हौस.

काकांनी उसाच्या फडातून फोन लावला आणि तिथूनच ओरडून निकाल दिला, "चिंता न्हाई! चालूच असतंय!"

ठरल्या दिवशी शेजारच्या कल्याणला गायींची धार सोपवून जीप निघाली. नगर मागे पडलं तशी दिशाने सहज चौकशी केली.

"काका, ते पार्कवाले नेमकं काय म्हणाले होते हो?"

"सीझन संपला की दुरुस्तीला बंद ठेवतेत म्हणला. आता सीझन तर मार्चातच संपला. दुरुस्तीबी झाली असंल की!"

दिशा सीटवरून पुढे झुकली. "मार्चमध्ये कोणता सीझन संपला?"

"कोणता म्हंजी? कारखान्याचा! गाळप संपून पट्टा पडल्याचा भोंगा तू न्हाई का ऐकला?"

"काका, वॉटर पार्कमध्ये ऊस गाळतात का?"

"मला काय म्हाईत! तू सीझन म्हणली, मी सीझन इचारला. अख्ख्या राहुरीत सीझन येकच असतो!"

दिशाचा राग गुऱ्हाळाच्या काहिलीतल्या रसासारखा वर आला. "अहो, त्यांचा सीझन म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी! ती संपली! म्हणजे आता बंद असणार! नानांचं ते ‘एकदाच’ तुम्ही घालवलंत, काका!"

"आवाज खाली घे! फोन केला ह्यो माझा गुन्हा झाला व्हय?"

"मग नीट विचारायचं!"

"मग तूच इचारायचं हुतं! एवढी शिकली कशापायी?"

"धपाटे काढू का?" आजीने मधेच विचारलं.

"नको!" दोघं एका सुरात खेकसले. नाना खिडकीबाहेर लोकांची शेतं बघत होते, आणि दिशाला तेच जास्त झोंबत होतं.

धमालनगरी आली. फाटकाला साखळी. पार्किंगचं भलंमोठं मैदान रिकामं. मधोमध एक कुत्रं असं पसरलेलं, की जणू जागा त्याच्याच नावावर आहे.

"बघा! बघा तुमचा सीझन!" दिशा जीपमधून जवळजवळ उडीच मारून उतरली. "कशाला ‘चिंता न्हाई’ म्हणालात? नेमकी माहिती नसेल तर माणसाने बोलू नये! अंदाज म्हणजे माहिती नव्हे!"

काकांचे कान लाल झाले. ते तोंड उघडणार तेवढ्यात केबिनमधून राखणदार डोळे चोळत आला. "काय झालं हो? कशापायी भांडताय?"

"तुमचा सीझन कधी संपला, तेवढं यांना सांगा!"

"संपला? कुठं संपला? यंदा पावसाचा पत्ता न्हाई, मालकानं सीझन वाढवला. काल तर पाय ठिवायला जागा न्हवती!"

"मग आज?"

"आज मंगळवार. मंगळवारी सुट्टी असती, ताई. बोर्डावर लिवलंय की."

सगळ्यांनी बोर्डाकडे पाहिलं. मग सगळ्यांनी दिशाकडे पाहिलं.

"मंगळवार कुनी काढला गं?" आजीने अगदी निरागसपणे विचारलं.

दिशाने मोबाईल पुढे केला. कुठल्या वारी किती गर्दी, त्याचे निळे खांब त्यात दिसत होते. रविवारचा ताडासारखा, बुधवारचा बुटका. मंगळवारची जागा मात्र सपाट. "मला वाटलं... मंगळवारी गर्दी शून्य असते."

नोंद नसणं वेगळं आणि शून्य असणं वेगळं, हे तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेत ज्युनिअर मुलांच्या अंगावर ओरडून शिकवलं होतं!

नानांनी कमरेवर हात ठेवून सगळं मैदान एकदा न्याहाळलं. "गर्दी न्हाई मातर. पोरीचं शास्तर बरूबर हाय."

काका इतके हसले की कुत्रं उठून बाजूला गेलं.

फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली धपाटे निघाले. राखणदारही पंगतीला बसला. दिशाच्या अंगात अजून भरपूर राग होता, पण तो काढायला आता कुणीच उरलं नव्हतं. तिने तो ठेच्यावर काढायचा प्रयत्न केला आणि डोळ्यांतून पाणी आल्यावर तोही नाद सोडला.

"नाना," ती हळूच म्हणाली, "तुमचं ते ‘एकदाच’..."

"आपुन आत कुठं गेलो? ह्ये धरायचं न्हाई. येऊ परत." नानांनी हात झटकले आणि जीपकडे निघता निघता वळून म्हणाले, "पन वार अजिनाथ ठरवंल."