आबांची शब्दांची तालीम

आमच्या गल्लीत पत्ता विचारायचा असेल तर ज्ञानूआबांना चुकवून विचारावा. आबा पत्ता सांगतात, पण माणसाला सोडत नाहीत. "पावणं, परत म्हणा."

"तालीम, गिरणी, मारुतीचं देऊळ," पाहुणा पुटपुटतो.

"शड्डू कुठाय?"

मग तो बिचारा भर रस्त्यात एकेका शब्दाला मांडीवर थाप मारत पत्ता म्हणतो. चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

आबा जुने पैलवान. घरात ते आणि नऊ वर्षांची नात सोनी, दोघंच. सोनीला डाऊन सिंड्रोम आहे. कळतं तिला सगळं, फक्त कानावर पडलेले शब्द टिकत नाहीत. तिसरा आला की पहिला निसटतो. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, खेळाखेळात मोठ्यानं म्हणवून घ्या, हळूहळू एकेक शब्द वाढवा. आबांनी ऐकलं ते एवढंच, की हे जोर-बैठकांसारखंच काम आहे. आणि एकटीलाच मेहनत दिली तर पोरीला शिक्षा वाटेल, म्हणून त्यांनी अख्खी गल्ली आखाड्यात उतरवली. दूधवाला, वायरमन, मी, कुणीच सुटलो नाही.

सोनी दुकानात निघाली की वाटभर थापा ऐकू येतात. "साखर. चहा. शेंगदाणे." एकदा दुकानदारानं मध्येच "साखर किती?" विचारलं आणि पुढचं सगळं सांडलं. आबा तडक दुकानात. "पोरीचं म्हणून हुईस्तवर तोंड उघडायचं न्हाई." तेव्हापासून तो माणूस सोनी दिसली की ओठ घट्ट मिटून उभा राहतो, मग बाकीची गिऱ्हाइकं कितीही ओरडोत.

परवा दुपारी माझं दार वाजलं. सोनी. मांडीवर थापा मारत म्हणाली, "आबा. उठत न्हाई. चला."

मी अनवाणी पळालो. आबा खाटेवर निपचित. गदागदा हलवलं तसा त्यांनी एक डोळा उघडला. "तिन्ही म्हणाली न्हवं पोरगी?"

सोनी शेजारी खुशीत हसत उभी. मी भयंकर चिडलो, तोंडाला येईल ते बोललो. मग आबांनी सोनीला पाणी आणायला आत पाठवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, मी काय कायमचा हाय व्हय? त्या दिवशी पोरगी नुसती माझ्यापाशी बसून राहील. ह्या भ्यानं झोप लागत न्हाई बघा."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"आता तुम्ही म्हणा," आबा म्हणाले. "सोनी आली. दार उघडणार. संगं जाणार."

पहिल्यांदा मी 'दार उघडणार'पाशीच अडखळलो. म्हणून मांडीवर थाप मारली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.