फुग्यात अक्षरं भरणारा राघोदादा

राघोदादा माणसांचं बोलणं मोजायचा. तुम्ही तोंड उघडलंत की त्याचं बोट मांडीवर सरकायला लागायचं, आणि तुमचं वाक्य लांबलं की तो हात वर करून म्हणायचा, "कमी बोला, मावत न्हाय."

मावत नाही म्हणजे फुग्यात. आमच्या बेटावर, रोझ हिलच्या एका छापखान्यात तो चित्रकथांची अक्षरं लिहायचा. चित्रं काढणारे एक फ्रेंच गृहस्थ होते. ते बोलणाऱ्याच्या तोंडापाशी रिकामा फुगा काढून मोकळे व्हायचे, आणि त्यात टाकानं संवाद भरायचा राघोदादा. वीस वर्षं हेच केल्यामुळे जगातलं कुठलंही बोलणं तीन ओळींत बसलं पाहिजे अशी त्याची ठाम समजूत झाली होती. एकदा सत्यनारायणाच्या पूजेत त्यानं भटजींना मध्येच थांबवून सांगितलं, "महाराज, ह्या मंत्राला दोन फुगे लागतील." वहिनी भांडायला आली की म्हणायचा, "वहिनी, एवढं मोठं अक्षर नको, पान फाटंल." वहिनी आणखी चिडायची. तो भावाच्याच घरामागच्या पत्र्याच्या खोलीत राहायचा, त्यामुळे पळून जायलाही जागा नव्हती. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "पा ग्राव." म्हणजे आमच्या क्रेओलमध्ये, जाऊ द्या, त्यात काय एवढं.

मी सरकारी कारकून. दिवसभर पोर्ट लुईला फायली, आणि शनिवारी बो बासें गावातल्या बैठक्यात, म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या शाळेत, मराठी शिकवायचो. लोक गुरुजी म्हणायचे आणि मला ते फार आवडायचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी शोभा त्यातूनच झाली.

एकदा निमंत्रणपत्रिका लिहून घ्यायला त्याच्या खोलीवर गेलो. तो चहा करायला उठला आणि मी, दुसऱ्याचे कागद चाळायची कारकुनी खोड, खाटेखालचा गठ्ठा ओढला. छापखान्यातल्या रद्दी कागदांच्या पाठीवर त्यानं स्वतः काढलेली चित्रं होती. देवळाच्या खांबाआड प्रसादाचे लाडू एकट्यानं संपवणारे आमचे खजिनदार. बसच्या रांगेत छत्र्यांनी एकमेकींना ढोसणाऱ्या बायका. आणि मी. डोळे मिटून कविता म्हणतोय, आणि माझे विद्यार्थी एकेक करून खिडकीतून पसार होतायत. आधी राग आला, मग असा हसलो की ठसका लागला.

"आयो गुरुजी, ते कशाला बघता," म्हणत तो धावत आला. कान लाल झाले होते त्याचे.

तेव्हा बेटाच्या स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती आणि मंडळाचा वार्षिक अंक निघणार होता. छपाईचे मराठी खिळे बेटावर आम्हाला कुठे मिळेनात, म्हणून अख्खं वार्षिक राघोदादा हातानं स्टेन्सिलवर लिहायचा आणि आम्ही त्याच्या प्रती काढायचो. मी म्हटलं, "दादा, ही चित्रं पण टाकू या." तो हळूच म्हणाला, "खाली नाव येईल?"

"येईल की!" मी म्हटलं.

शेवटच्या पानाचा मजकूर मीच चिठ्ठीवर लिहून दिला. 'संपादन, मांडणी व व्यंगचित्रे', आणि पुढे माझं नाव. घाईत झालं असं म्हणायला मला आवडेल, पण घाई कसली? त्या 'व्यंगचित्रे' शब्दावर मी अख्खी संध्याकाळ घालवली होती. राघोदादानं चिठ्ठी वाचली. त्याचं बोट मांडीवर सरकलं.

"मावतंय," तो म्हणाला, आणि माझं नाव त्यानं इतक्या सुरेख अक्षरात लिहिलं की तसं ते पुन्हा कुठे मी पाहिलं नाही.

वार्षिकाच्या प्रकाशनाला पुण्याहून एक विद्वान पाहुणे आले होते. भर सभेत म्हणाले, "गुरुजी, तुमचा हात दैवी आहे." मी मान खाली घालून नमस्कार केला. राघोदादा दाराशी चहाचे पेले भरत होता. त्यानं त्यातला पहिला मला आणून दिला.

पण चोरी पचवायलाही कुवत लागते. शनिवारी पोरं मागे लागली, गुरुजी, फळ्यावर चित्र काढा. मी म्हटलं हात मुरगळलाय. मग पट्टी बांधावी लागली. ती ऑफिसातही मिरवावी लागली. साहेबांनी बिचाऱ्यांनी दोनदा विचारपूस केली आणि बायकोनं हळद लावली.

तिसऱ्या आठवड्यात राघोदादा घरी आला. दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "किती दिवस पट्टी बांधून फिरनार, गुरुजी? पोरं हसतील तुम्हाला. गुरुवारी माझ्याकडं या. नाक शिकवतो. नाक आलं की बाकी जमतं."

ना राग, ना टोमणा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पहिल्या गुरुवारी नाकं काढली. बटाट्यांसारखी आली. दुसऱ्या गुरुवारी मी ठरवून गेलो की आज त्याच्यापाशी चोरीचा विषय काढायचाच. खोलीत पाहतो तर दुसरी खुर्ची. भावाकडून मागून आणली होती. टेबलावर माझ्यासाठी नवी पेन्सिल टोक करून ठेवलेली, आणि बशीत गरम गातो पिमां, आमची तिखट डाळीची भजी.

"एवढ्या वर्सांत ह्या खोलीत दुसरी खुर्ची लागली नव्हती," तो कागद ताणत म्हणाला. "चित्र कसं काढतात ते मला कुनी इचारलंच न्हाय कधी."

मी म्हटलं, "दादा, मी उद्या अध्यक्षांना सांगतो. चित्रं तुझी आहेत. सभेत सगळ्यांसमोर सांगतो."

त्याचा हात थांबला. मला वाटलं, आता तो खूश होईल. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मग गुरुवारी तुम्ही कशापायी याल?"

मी येईनच, तरीही येईन, एवढं म्हणायला किती जागा लागते? एका ओळीचं काम. मी बोललो नाही. अध्यक्षांनाही कधी सांगितलं नाही. राघोदादासाठी गप्प राहिलो असं पुढे बरीच वर्षं स्वतःला समजावत आलो.

त्यानं माझ्या बोटांत पेन्सिल नीट धरवली आणि आम्ही कान काढायला घेतला. मला हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून जात नाही.